काटा तिच्याकडे

मीटर बसवायचा काळ्या प्लास्टिकचा पोकळ कप. दोन स्क्रू. निवत चाललेला चहा. आणि पुढे सगळा घाट चढायचा.

घाटाच्या पायथ्याशी, तापाह गावातल्या गॅरेजातल्या बाकावर बसून हमदान गाडीतलं बोलणं ऐकत होता. आत त्याची बायको रोस्ना होती आणि मेकॅनिक केओंग.

"काकू, इंजिन किती तापलं ते दाखवणारा मीटर आहे हा. चालवणाऱ्याकडे तोंड करून बसवतात."

"माझ्याकडे वळव."

"पण गाडी तर काका चालवतात."

"ते रस्ता बघतील, मी काटा बघेन. आधीचं इंजिन घाटात जळालं तेव्हा मी शेजारी घोरत होते."

"म्हणून तुमची चूक होय?"

"मग कोणाची? जागी असते तर वास तरी आला असता. पाड भोक."

"एकदा पाडलं की कप हलायचा नाही हं."

"मीही हलायची नाही. अहो, ऐकताय ना? आता घाटात डोळा लागू देणार नाही मी."

"ऐकतोय," हमदान म्हणाला. "वळव रे तिच्याकडे."

ड्रिल सुरू झालं.

त्या दिवशी घाटात इंजिन तापल्याचा लाल दिवा लागलेला हमदानने पाहिला होता, पण रोस्नाची झोप मोडायला नको म्हणून त्याने गाडी थांबवली नव्हती.