गारठलेली जीप आणि पाठवणी

घर्र घर्र करून बंद पडणाऱ्या त्या जीपचा आवाज मला अजून आठवतो. चिखलदऱ्याला कडाक्याच्या थंडीत माझा मित्र देवराव लेकीची पाठवणी करत होता. सगळ्यांचं रडून झालं, पण डिझेलचं इंजिन गारठलेलं, सुरूच होईना.

नवरी खिडकीतून म्हणाली, “बाबा, उतरू काय मी? चहा पिऊनच जाऊ.”

देवराव म्हणाला, “बसून राय. उतरली त मी जाऊ देनार नाई.”

ड्रायव्हर म्हणाला, “काका, धक्का मारा लागते.”

देवरावनेच पहिला खांदा लावला. उतारावर इंजिन धडधडलं आणि जीप वळणाआड गेली.

मी म्हटलं, “देवराव, पोरीले धक्का मारून सासरी पाठवनारा बाप आजच पाह्यला!”

सगळे हसले. देवराव मात्र पाठ फिरवून गोठ्याकडे चालू लागला.