लाल नेलपॉलिशची खूण असलेल्या रेकॉर्डरबाबत

मी, देसांका गोयको व्लाश्कालिच, वय ६४ वर्षे, निवृत्त फार्मासिस्ट, राहणार झ्रेन्यानिन, बेगेई नदीलगतची चार मजली इमारत, दुसरे प्रवेशद्वार, तिसरा मजला, आज शुक्रवार दिनांक १४ ऑक्टोबर २०१६ रोजी दुपारी साडेबारा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष सांगते की, मंगळवारी ११ तारखेला मी येथे चोरीची तक्रार दिली होती. ती मला मागे घ्यायची आहे. तसे का, ते सांगते.

माझे पती गोयको हे वीज मंडळात तंत्रज्ञ होते. ९ सप्टेंबर रोजी ते इस्पितळात वारले. आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक घराला एक खोली आहे. लोक तिथे सरपण आणि आंबवलेल्या कोबीची पिंपे ठेवतात. आमच्या खोलीत गोयकोचे नऊ जुने संगणक आणि सहाशेच्या वर कॅसेट आहेत. सगळे संगणक चालू स्थितीत आहेत. त्यातला गालाक्सिया नावाचा संगणक त्याने १९८४ साली सुटे भाग मागवून आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर जोडला. त्या काळी रेडिओवर आठवड्यातून एकदा संगणकाचे प्रोग्रॅम लावत. म्हणजे नुसती किंचाळी ऐकू येई. ती कॅसेटवर भरून घ्यायची आणि मग संगणकाला ऐकवायची. त्या वेळी घरात कोणी बोलायचे नाही, असा नियम होता. गोयकोने केलेले दोन प्रोग्रॅमही रेडिओवर लागले होते.

७ सप्टेंबर रोजी इस्पितळात तो मला म्हणाला, "निळी कॅसेट. माझ्याच रेकॉर्डरवर लाव. आणि कोणाला सरळ करू देऊ नकोस." कॅसेटचे मला कळले. शेवटचे वाक्य मला पलंगाबद्दलचे वाटले, कारण पलंग डोक्याकडून एका बाजूला कलला होता आणि त्याच वेळी नर्स खोलीत आली होती. मी तिला सांगितले की पलंग सरळ करायचा नाही. ती म्हणाली, "अहो, त्यांना त्रास होईल." मी म्हणाले, "त्यांचीच तशी इच्छा आहे." त्यानंतरच्या दोन्ही रात्री पलंग तसाच होता.

निळी कॅसेट मला गेल्या रविवारी त्याच्या हिवाळी कोटाच्या खिशात सापडली. त्यावर त्याच्या अक्षरात 'देसा' असे लिहिले आहे. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर लावली तर त्यात बोलणे नव्हते, किंचाळीच होती. ती मी शेवटपर्यंत ऐकली. मंगळवारी सकाळी रेकॉर्डर आणण्यासाठी तळघरात गेले, तर रेकॉर्डर आणि गालाक्सिया दोन्ही जागेवर नव्हते. कुलूप शाबूत होते. खोलीच्या किल्ल्या दोन आहेत आणि दोन्ही माझ्याकडे आहेत, असे मी तक्रारीत सांगितले. गोयकोने तिसरी किल्ली करून घेतली होती हे मला माहीत नव्हते. मला संशय इमारतीच्या अध्यक्षांचा होता, कारण त्यांना ती खोली सायकलींसाठी हवी आहे. तो संशय चुकीचा होता. ते मी त्यांना स्वतः सांगेन.

तक्रारीच्या वेळी वस्तूची ओळख पटेल अशी खूण विचारली होती. मी सांगितले की रेकॉर्डरच्या झाकणाच्या आत एक बारीक स्क्रू आहे आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब आहे. अर्धा थेंब स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धा बाजूच्या पत्र्यावर. ते नेलपॉलिश माझे होते. बहिणीच्या लग्नासाठी १९८७ साली सीमेपलीकडच्या त्रिएस्तेहून आणलेले. गोयकोने "एकच थेंब" म्हणून बाटली नेली आणि बूच उघडे ठेवले. लग्नाच्या दिवशी ती वाळलेली निघाली. त्यावरून मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

आज सकाळी दहा वाजता मला ठाण्यातून फोन आला की वस्तू मिळाल्या आहेत. येऊन पाहते तर बाकावर तिहोमिर बुगार्स्की, वय ६७, निवृत्त घड्याळजी, हे बसले होते. पायात घरातल्या सपाता होत्या. शेजाऱ्यांच्या देखत त्यांना घरून आणले होते. तिहोमिर आमच्या लग्नात कुम, म्हणजे साक्षीदार, म्हणून उभे राहिले होते. आमच्याकडे भावाशी भांडण होते, कुमाशी होत नाही. मला पाहून ते उठले आणि म्हणाले, "कुमा, तक्रार तू केलीस होय? मग ठीक आहे. मला वाटलं कोणीतरी परकं असेल."

तिसरी किल्ली त्यांच्याकडे होती. उद्या शनिवारी गोयकोचे चाळिसावे आहे; चाळीस दिवस भरण्याआधीच्या शनिवारी ते करतात. थडग्यावर गव्हाचा प्रसाद आणि मेणबत्त्या झाल्या की लोक घरी जेवायला येतील, तेव्हा संगणक आणि रेकॉर्डर चालू करून दाखवायचे, असे त्यांनी ठरवले होते. मला आधी सांगितले तर मी नको म्हणेन म्हणून सांगितले नाही. ते बरोबर आहे, मी नको म्हटले असते.

इन्स्पेक्टर ओस्तोयिन म्हणाले की वस्तू परत देण्याआधी चालू आहेत का ते बघून घेऊ. निळी कॅसेट माझ्या पिशवीत होती. ठाणे अंमलदारांच्या खोलीत जुना टीव्ही आहे, त्याला गालाक्सिया जोडला. कॅसेट सुरू झाल्यावर शेजारच्या खोलीतून कोणीतरी ओरडले, "अरे, मांजराचा जबाब घेताय का?" दोन-अडीच मिनिटांनी आवाज थांबला आणि पडद्यावर इंग्रजीत एकच शब्द आला. त्याचा अर्थ 'काय?' असा आहे. न कळल्यावर हा संगणक तेवढेच विचारतो.

इन्स्पेक्टर म्हणाले, "आमच्या मोठ्या साहेबांसारखाच आहे."

पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तिहोमिर म्हणाले, "असं कसं? पट्टा नवा घातला, स्पिरिटने पुसला, डोकं सरळ केलं. नव्यासारखा आहे."

मी विचारले, "काय सरळ केलं?"

"वाचायचं डोकं. जे फितीला टेकतं आणि त्या लाल थेंबाच्या स्क्रूने कलतं ते. ह्याचं कायम वाकडं होतं. तीस वर्षं सांगतोय त्याला, सरळ कर, सरळ कर. तर म्हणायचा, माझ्या सगळ्या कॅसेट वाकड्याच भरल्यात, सरळ डोक्याला त्या कशा कळणार? म्हटलं, निदान चाळिसाव्याला तरी…"

मी त्यांना गोयको इस्पितळात काय म्हणाला ते सांगितले. पलंगाचे सांगितले नाही. ते खाली बसले आणि म्हणाले, "गाढव आहे मी, कुमा. सदुसष्ट वर्षांचं गाढव."

मी झाकण उघडून पाहिले. नेलपॉलिश तडकले होते, पण निघाले नव्हते. स्क्रूवरचा अर्धा थेंब एकीकडे आणि पत्र्यावरचा अर्धा दुसरीकडे. मी म्हणाले, "तिहोमिर, हे अर्धे पुन्हा एकमेकांसमोर आण." त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घड्याळाचा पेचकस होता, पण तो दोनदा स्क्रूवरून घसरला. इन्स्पेक्टरांनी टेबलावरचा दिवा जवळ धरला आणि म्हणाले, "सावकाश, काका. इथे कोणाला घाई नाही." पाव फेऱ्याहून थोडे जास्त फिरवल्यावर थेंब जुळला.

चौथ्या वेळी संगणकाने 'काय?' विचारले नाही. पहिली ओळ आली : 'देसा, हे वाचतेस म्हणजे कोणी सरळ केलेले नाही.' तिहोमिर मोठ्याने हसले आणि मग त्यांना पाणी द्यावे लागले.

कुठलेही बटण दाबले की पुढची ओळ येत होती. एकूण एकतीस ओळी आहेत. रेडिएटरची हवा कशी काढायची, बॉयलर कोणत्या तासांत लावायचा, पिंपाचे फडके कोणत्या खिळ्याला आहे, थडग्याच्या दगडावर फोटो नको, टाय घातलेला तर मुळीच नको, अशा त्या आहेत. अठ्ठाविसाव्या ओळीत नेलपॉलिशच्या बाटलीबद्दल माफी मागितली आहे. तिसाव्या ओळीनंतर इन्स्पेक्टर दिवा घेऊन खिडकीकडे गेले. तिहोमिरनी मान खाली घातली. एकतिसावी ओळ मी एकटीने वाचली. ती जबाबात घ्यायची का असे विचारले असता मी नको म्हणाले. तिचा तक्रारीशी संबंध नाही.

तिहोमिर बुगार्स्की यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. त्यांनी उद्या जेवायला अकरा वाजता यावे आणि रेकॉर्डर स्वतः लावावा, असे मी त्यांना सर्वांसमक्ष सांगितले आहे.

स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून पासपोर्टच्या खिडकीवरील एर्झेबेतबाईंनी त्यांच्या पर्समधील नेलपॉलिश दिले. जुन्या थेंबावर मी त्याचा एक थेंब लावला. वाळेपर्यंत कोणी टेबलाला हात लावला नाही. बाटलीचे बूच मी लगेच लावून परत दिले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. फक्त वस्तूंच्या यादीत रेकॉर्डरच्या खुणेपुढे 'लाल' असे आहे, तिथे 'लाल आणि वर गुलाबी' असे करून घेतले, आणि मग सही केली.

देसांका व्लाश्कालिच