मालदीवच्या वर्गात पांझरा

...आणि वर म्हणतात काय, तर "मजा शे माय तुनी!" कसली मजा हो? कसली? अहो, धुळ्याच्या देवपुरातून सोनगीरला जाताना एसटीत खिडकी मिळाली नाही तर मला मळमळतं, त्या मला, या नूतनला, भर समुद्रात नेऊन टाकलं, आणि म्हणे मजा! आमच्या शेजारच्या लताबाई, त्या दिवशी मी सुट्टीवर आले, गल्लीत उतरते न उतरते, बॅग अजून रिक्षात, आणि यांचं सुरू, "मजा शे माय तुनी! मालदीव! लोके तठे हनिमूनले जातस!" जातात ना! दोघं जातात, चार दिवसांत फोटो काढून परत येतात! मी एकटी गेले होते, आणि ती पण भूगोल शिकवायला!

तुम्हाला सांगते, हौसेनं नाही गेले. इथली आमची शाळा विनाअनुदानित, पोरं घटली, तुकडी बंद झाली, आणि तुकडीबरोबर मीही बंद! घरात बसून वाटाणे सोलत होते, तेवढ्यात ही मालदीवची जाहिरात दिसली, मुलाखत मोबाईलवरच झाली, आणि घेतलं की हो त्यांनी! आमचे हे, भूपेंद्र, हार्डवेअरचं दुकान, जन्म गेला नळाच्या तोट्या विकण्यात, ते एकदम उदार झाले, "जा तू, ऋतिकाला मी आणि आई बघतो." सासूबाईंना एकच शंका, प्यायच्या पाण्याची, "तठे बठ्ठं पानीच शे ना वं? मंग पेवानं पानी कथाईन येस?" आणि ऋतिका, आमची चौथीतली पोर, तिनं दप्तर उचललं, आत गेली, दार लावलं. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद! फोन केला की मागून आवाज, "पप्पा, तिला सांगा मी झोपलेय." झोपलेली पोर निरोप पाठवते!

बरं, गेले. विमानतळाच्या बाहेर लोकांना काय दिसतं? रिक्षा दिसते, चहाची टपरी दिसते. मला काय दिसलं? पाणी! दाराबाहेर पाऊल टाकलं की समोर समुद्र, आणि तिथे माझ्या नावाची पाटी धरून एक माणूस होडीत उभा! अहो, आमच्या पांझरा नदीच्या पुलावरूनसुद्धा मी कठड्यापासून चार हात लांब चालते! होडी अशी उडत चालली, अशी उडत चालली, की एका हातानं घरून आणलेली पिठाची पिशवी धरलेली, दुसऱ्या हातानं देव!

आणि बेट? बेट कसलं, आपल्या देवपुरातली एक कॉलनी उचलून पाण्यात ठेवली समजा. सरळ चालत गेलं, समुद्र. डावीकडे वळलं, समुद्र. रागानं घराबाहेर पडावं म्हटलं तर राग संपायच्या आत बेट संपतं! आणि गरमी? प्रिन्सिपल हसून म्हणतात, "मिस, तुम्ही हॉट प्लेसहून आलात, तुम्हाला काय प्रॉब्लेम?" अरे बाबा, आमचं ऊन हे ऊन असतं! धुळ्यात साडीचं एक टोक दोरीवर टाकावं, दुसरं टाकेपर्यंत पहिलं वाळतं! इथं सोमवारी धुतलेला परकर गुरुवारी हात लावावा तर रडतोच आहे! सासूबाईंनी उन्हात तापून तापून बिबडे, आमचे ज्वारीचे पापड हो, करून दिले होते, कडकडीत, डबा उघडला तर बिबडे ओल्या रुमालासारखे लोंबतायत! मी ते हातात धरून स्वयंपाकघरात उभी, आणि तेवढ्यात मोबाईलवर लताबाईंचा मेसेज, "मजा शे माय तुनी!" आणि खाली एक डोलणारा माड!

मासे म्हणाल तर, आम्ही काही सोवळ्यातले नाही, घरी मटण होतं. पण चहासोबत मासा? मधल्या सुट्टीत समोसा म्हणून घेतला, आत मासा. दुसरं गोल भजं घेतलं, त्यातही मासा! तिसरं हातात घेऊन नुसतं बघत बसले, तर बाजूच्या मॅडम प्रेमानं म्हणतात, "यात थोडाच आहे!"

पण खरं सांगू का, मासा, घाम, ओले परकर, ते सगळं सोसलं असतं. रात्री फोन करायचा आणि "सांगा तिला मी झोपलेय" ऐकायचं, ते नाही सोसलं. एक दिवस गेले प्रिन्सिपलकडे, म्हटलं, मला नको ही नोकरी, पुढच्या होडीनं परत पाठवा. ते खिडकीबाहेर बघतात, शांतपणे म्हणतात, "मिस, वारा फार आहे. दोन दिवस होडी नाही. तोवर नदीचा धडा घेऊन टाका."

घेतला. फळ्यावर डोंगर काढला, नदी काढली, वळणं काढली. एक मुलगी, आइशथ नाव, हात वर. "मिस, हे पाणी सारखं वाहून जातं, मग संपत कसं नाही?" आता काय सांगणार! त्या बेटावर नदी नाही, ओढा नाही, सगळ्यात उंच वस्तू म्हणजे मोबाईलचा टॉवर! पोरांनी नदी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही! माझ्यातली धुळेकर जागी झाली ना! म्हटलं, थांबा, तुम्हाला माझी नदी दाखवते! लावला व्हिडिओ कॉल वर्गातल्या मोठ्या पडद्यावर, "अहो, दुकान सोडा, पुलावर जा, पोरांना पांझरा दाखवा!" रविवार होता इकडे, तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, म्हणून रविवार शाळेचा दिवस, हे स्कूटरवर निघाले, मागे ऋतिका.

आणि दिसली पांझरा. भर मे महिना! वाळू, दगड, एका बाजूला पोरांचं क्रिकेट चाललेलं, मध्ये एक डबकं, डबक्यात म्हशी. मग आइशथ हळूच म्हणते, "मिस... यात पाणी कुठे आहे?" म्हटलं, पावसाळ्यात येतं! "मग आता नदी कुठे गेलीय?" अख्खा वर्ग हसला हो! मला इतका राग आला, पोरांचा नाही, पांझरेचा! म्हटलं, बाई, आज तरी माझी लाज राखायचीस!

आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बफेलो!" झालं! सगळा वर्ग बाकांवर उभा! पोरांनी आयुष्यात म्हैस पाहिलेली नाही! आमच्या ह्यांना काही कळेना, हे मोबाईल आकाशाकडे धरून "काय? कोण पडलं?" आणि मग पडदा एकदम हलला, मोबाईल कुणीतरी हिसकावला, आणि आवाज आला, "पप्पा, म्हशी म्हणतायत ते, म्हशी!" माझी ऋतिका! पूल उतरून पळाली वाळूत, मागून हे, "अगं चप्पल घाल!" आणि हिचं इंग्लिश काय विचारता, "धिस बफेलो इज लेझी! धिस बफेलो इज हर मम्मी!" आणि मग मोबाईल स्वतःकडे वळवला, पडद्यावर एवढा मोठा चेहरा, उन्हानं लाल, आणि मराठीत, सगळ्या वर्गादेखत, "मम्मी, तू किती वाळलीस गं. जेवत नाहीस का?"

मी फळ्याकडे तोंड केलं. नदी पुसली, आणि पुसलेला फळा परत पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन तिचाच. "मम्मी, आज मुलांना काय दाखवू?" वारा पडला, होडी आली, प्रिन्सिपल विचारतात, "मिस, बॅग?" म्हटलं, जाऊ द्या, पुढचा धडा डोंगराचा आहे.

तो डोंगर कुणी दाखवला असेल? आमच्या ह्यांनी! हे पोट घेऊन, भर दुपारी, सोनगीरचा किल्ला चढले, पुढे ऋतिका मोबाईल घेऊन, मागे हे धापा टाकत, आणि वर्ग ओरडतोय, "कम ऑन, अंकल!" तेव्हापासून माणूस धास्तावलाय. परवा मला परत जायचंय, बॅग भरतेय, तर हे दारात येऊन उभे, म्हणतात, "हे बघ नूतन, नदी झाली, डोंगर झाला, पुढे ज्वालामुखी असेल तर दुसरा नवरा बघ."

आता यांना कसं सांगू हो, पुढचा धडा तोच आहे!