भिंतीकडची खुर्ची

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आणि हातातली कामं टाकून आलेल्या बंधुभगिनींनो,

सत्कारमूर्तींची बायको म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात भागणार नाही, आधीच सांगते.

संचालकसाहेब आत्ता म्हणाले, मंदीच्या काळात आपल्या सांख्यिकी खात्याकडे बाजाराचे आकडे यायला सहा-सहा महिने लागायचे, तेव्हा ह्यांनी रेस्टॉरंटमधली भरलेली टेबलं मोजून बाजार सावरतोय का, हे ओळखायची युक्ती काढली. टाळ्याही पडल्या. पण ह्यांच्याबरोबर मोजायला कोण जायचं, हे कुणी विचारलंत? एकटा माणूस वही घेऊन बसला तर लोकांना संशय येतो, म्हणून मी! अकरा वर्षं. ह्यांना सगळं दालन दिसायला हवं, त्यामुळे माझं तोंड कायम भिंतीकडे, नाहीतर स्वयंपाकघराच्या दाराकडे. काही बोलायला जावं तर, "थांब गं, मोजणी चुकेल." सूप गार व्हायचं आणि माझं डोकं गरम.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी हौसेनं नटूनथटून गेले. बाराच्या बारा टेबलं भरलेली, आमची सोय कोपऱ्यात जादा टेबल टाकून. हे हरखून गेले. "बघितलंस? मंदी संपली!"

मी दाराकडे तोंड करून बसलेली. वेटर आत आचाऱ्याला सांगत होता, "सगळे एकाच कारखान्यातले आहेत. उद्यापासून कुलूप. शेवटचं एकत्र जेवतायत बिचारे." मी ह्यांची बाही ओढली. "थांब गं!"

अहवाल गेला, पेपरात छापून आला. आठवड्यानं खरं कळलं, तेव्हा ह्यांना दोन दिवस घास गेला नाही. मला फार वाईट वाटलं. पण ह्यांनी तेव्हा माझं ऐकलं असतं तर?

आता कळतंय, अध्यक्षांच्या खिशात दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र आहे. साहेब, आपल्याबद्दल आदर आहे, पण ते खिशातच राहू द्या. तेजी असो नाहीतर मंदी, मला एकदा माझ्या नवऱ्याबरोबर जेवायचंय. आज आठ वाजता दोघांचं टेबल सांगून ठेवलंय. ह्यांची खुर्ची भिंतीकडे. दालन मी बघेन, काय दिसतं ते सांगेन, आणि ह्यांनी ऐकायचं.

इतकी वर्षं आपण ह्यांना सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. रागाच्या भरात काही अधिकउणं बोलले असेन, तर घरचीच समजून माफ करा.

आणि अहो, पुरे झालं समोरच्या खुर्च्या मोजणं. मी इथून सगळं बघतेय. तो गुच्छ घ्या आणि चला.