घोरणारे आमचे हे आणि यंत्राचा ठसा

नाही, म्हणजे माझ्याच उखाण्याला ‘आधीच आहे’ म्हणणारं हे यंत्र कोण हो? तुम्हाला सांगते, आमच्या सिडकोतल्या महिला मंडळाची उखाण्यांची स्पर्धा, अट एकच, एक उखाणा एकदाच! आता एवढ्या बायका, लक्षात कोण ठेवणार? तर माझी नात सई, ती कॉम्प्युटरवाली, म्हणते, “आजी, मी करते सोय. अख्खा उखाणा आत टाकायचा, यंत्र तो घुसळून घुसळून त्याचा एवढुसा ठसा काढतं, त्याला हॅश म्हणतात. तोच ठसा पुन्हा आला की दार बंद!” म्हटलं, वा! मग मी माझा, स्वतः रचलेला, सांगितला...

कांद्याच्या चाळीत शिरला वारा,
रंगनाथराव घोरती, जागा गाव सारा!

घेतला की यंत्राने! आणि संध्याकाळी बघते तर समोरची अंबूबाई जिन्यात उभी राहून तोच म्हणतेय, हळदीकुंकवात माझ्याच तोंडून ऐकून पाठ केलेला, धनराजराव घालून, आणि यंत्राने तोही घेतलेला! अहो, तिचा धनराज वॉचमन, कायम रात्रपाळी, तो घोरेल कधी? घोरतात कोण? आमचे हे!

सईला धरलं. तर म्हणते, “आजी, नुसतं नाव बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. यंत्राला दोन्ही नवे.” म्हणजे उखाणा तोच ठेवायचा, नवरा तेवढा बदलायचा? म्हटलं, “काढ! सगळ्यांचे नवरे काढ, मग ठसा घे!” काढले हो पोरीने... अख्ख्या मंडळाचे नवरे एका झटक्यात बाहेर! आणि आता यंत्र म्हणतं काय? अंबूबाईचा सकाळी आला, तुमचा दुपारी, तुमचा बाद! अरे पण घोरतात कोण? आमचे हे!

मंडळाच्या अध्यक्ष लतिकाबाई, फार न्यायाच्या. चष्मा सावरत म्हणाल्या, “आजी, काका घोरतात याचा साक्षीदार आणा, मी तुमचा स्पर्धेत परत घेते.” साक्षीदार? घरी पलंगावर आडवा आहे की! ह्यांना उठवलं, टोपी घातली, रिक्षात बसवलं... तर तिथेच डोळा लागला! रिक्षावाला बिचारा वाटेत उतरून इंजिन तपासतोय! म्हटलं, चल बाबा, इंजिन ठीक आहे, घोरतात कोण? आमचे हे!

उभं केलं सभेपुढे. लतिकाबाई म्हणाल्या, “काका, खरं सांगा, तुम्ही घोरता?”

आणि आमचे हे, भरसभेत, छाती काढून... “मी? छे! मी तर कधीच ऐकलं नाही!”

...आता यंत्राला काय बोलायचं हो? त्याने निदान नवरा काढून घेतल्यावर मला नाकारलं. ह्यांनी नवरा असून नाकारलं!