पेटीबाहेरचं बुद्धिबळ

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या मांडीवर लॅपटॉप होता. आधी आजीच आजोबांना म्हणाल्या,

"सँडबॉक्स टाकलाय म्हणालात. व्हायरस आला तरी पेटीतच कोंडून राहील म्हणे."

"राहतोच. प्रोग्राम त्या पेटीत उघडायचा. आत काय धुडगूस घालायचा तो घालू दे. पेटी बंद केली की सगळं साफ."

"मग व्हायरसने आपले फोटो कुलूपबंद कसे केले? एकही उघडत नाही."

"त्यात सँडबॉक्सचा दोष नाही."

"मग माझा?"

"अगं, इंटरनेटवरून ते फुकटचं बुद्धिबळ उतरवलं होतं ना, ते मी पेटीतच खेळत होतो."

"बरं."

"पण पेटी बंद केली की माझा विजयही साफ! एवढं डोकं खपवून जिंकायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोंदच नाही."

"म्हणून?"

"म्हणून त्याला जरा बाहेर काढलं."

"व्हायरसला?"

"बुद्धिबळाला! पेटीने विचारलं, नक्की काढू का? म्हटलं, काढ."

"धन्य आहे तुमची! लेकीच्या लग्नाचे, नातीच्या पहिल्या पावलांचे फोटो होते त्यात."

"बोल, काय बोलायचं ते बोल. काल मला जेवण गेलं नाही."

"फोटो आहेत."

"कुठे?"

"पेनड्राइव्हवर. माझ्या कपाटात, कपड्यांखाली."

"मग कालच सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर हे बुद्धिबळाचं कळलं असतं का मला?"

"पण तू ते काढून ठेवलेस कधी?"

"तुम्ही म्हणालात ना, आता अगदी निर्धास्त राहा? त्याच दिवशी."