घर क्रमांक अकरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कुंभारखिंड नगरपंचायतीचे नगराध्यक्ष माननीय निलेशभाऊ, व्यासपीठावरील मुख्याधिकारी मॅडम, सर्व सभापती आणि नगरसेवक, आमच्या पर्यवेक्षिका बाई, माझ्याबरोबर काम केलेल्या सगळ्या सेविका आणि मदतनीस, आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी उंबरमाळ वाडी, तुम्हा सर्वांना सरुबाईचा नमस्कार.

वाडीचं नाव मी शेवटी घेतलं, कारण निमंत्रणपत्रिकेत ते शेवटी होतं. पण बसायला पहिली रांग दिलीत, हे मला आवडलं. बत्तीस वर्षांत वाडीची माणसं या सभागृहात मी भिंतीला टेकून उभी असलेलीच पाहिली आहेत.

माझ्याविषयी आत्ता इतकं चांगलं बोललं गेलं की मला जरा संकोच वाटला. शाल दिलीत, पुष्पगुच्छाऐवजी आवळ्याचं रोप दिलंत, लोणावळ्याची चिक्कीही दिलीत. चिक्की चावायला दात फार उरले नाहीत, पण नातवंडं आहेत. मनापासून आभार मानते.

आज इथे दोन कार्यक्रम एकत्र आहेत. एक माझा निरोप. दुसरा म्हणजे ‘हिरवं ताट’ अभियानाची फिरती ढाल, जी थोड्या वेळात उंबरमाळ वाडीला दिली जाणार आहे आणि जी घ्यायला आमच्या सावित्रामावशींना उठवलं जाणार आहे. माझं भाषण ढालीच्या आधी ठेवलं म्हणून सूत्रसंचालकांचे वेगळे आभार. ते मीच मागून घेतलं होतं. का, ते सांगते. जरा वेळ लागेल, तेवढा द्या.

अभियान चांगलं आहे, हे आधी सांगते. गेल्या वर्षी या सभागृहात आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवली. मांसासाठी जनावरं पाळायची तर किती चारा, किती पाणी, किती धूर, आणि त्यानं हवा कशी तापते. मला ते पटलं. न पटायला काय झालं? वाडीखालचा ओढा आधी होळीपर्यंत वाहायचा, तो आता माघातच आटतो. दिवाळीत काढायला आलेला भात गेली तीन वर्षं पावसात झोपतो. हवा बिघडली हे वाडीला चित्रं दाखवून सांगावं लागत नाही. आणि दर शनिवार-रविवारी तलावाकाठच्या बंगल्यांत शेगड्या पेटतात, सोमवारी कोपऱ्याकोपऱ्यावर हाडांचे ढीग पडलेले असतात. त्या पाहुण्यांना, त्या हॉटेलांना दोन गोष्टी सांगायला नगरपंचायत पुढे आली, तर वाईट काय?

मग स्पर्धा निघाली. ज्या वस्तीत सगळ्यात जास्त घरं शाकाहारी, तिला फिरती ढाल. सर्वेक्षण अंगणवाडी सेविकांनी करायचं. आम्ही नाही म्हणत नाही, आम्हाला तशी सवयच नाही. मतदार मोजा, गुरं मोजा, संडास मोजा. चला, आता ताटं मोजा.

फॉर्म एका पानाचा होता. घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, आणि एकच प्रश्न. गेल्या सात दिवसांत घरातल्या कोणी मांस, मासे किंवा अंडी खाल्ली का? हो किंवा नाही. का नाही, हे लिहायला रकाना नव्हता.

वैशाखात मी वाडीवर गेले. त्रेचाळीस घरं. दारात बसायचं, पाणी प्यायचं, विचारायचं. सगळीकडून एकच उत्तर. सावित्रामावशींनी दिलेलं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. त्या समोर आहेत, चुकलं तर सांगतील. त्या म्हणाल्या, “कुटनं खायाचं ताई? तळ्याचा ठेका दिला, तवापासनं गळ टाकू देत न्हाईत. वढ्यात पानी न्हाई, तर खेकडं कुटनं येतील? भाकर हाय, मीठ-मिरची हाय. लिवा न्हाई म्हनून.”

मी ‘नाही’ लिहिलं. ते खरं होतं. बेचाळीस घरांत मी खरंच लिहिलं. सावित्रामावशींचं घर, घर क्रमांक अकरा, त्या घरात मी खोटं लिहिलं.

त्या घरात त्यांची सून होती, रूपा. पुष्कळांना आठवत असेल, वाडीच्या हळदीकुंकवाला गाणी म्हणायची ती. तेव्हा अख्ख्या वाडीत ती एकटीच गरोदर होती, सहावा महिना लागला होता आणि अंगात रक्त आठ, अकरा हवं तिथे. सिस्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्या तिच्या पोटात टिकायच्या नाहीत. आपली नगरपंचायत तेव्हा स्वतःच्या निधीतून वाडीच्या गरोदर बायांना आठवड्यातून दोनदा अंडं द्यायची. मंगळवारी आणि शुक्रवारी. हे सुरू करणारे निलेशभाऊच होते, हेही आज सांगितलं पाहिजे. आमचा नियम असा की अंडं अंगणवाडीतच, माझ्यासमोर खायचं. घरी नेलं की त्याचे चार वाटे होतात. तरी रूपा निम्मं पदरात लपवायची, तीन वर्षांच्या पोरासाठी. मला दिसायचं. मी एकदा रागावले, मग रागवायचं सोडून दिलं.

तर मी फॉर्म भरत होते आणि ही आतून म्हणाली, “ताई, न्हाई कसं? मी तुमच्या हितं मंगळवारी खाल्लं की अंडं. अन् शुक्करवारी बी.”

मी म्हटलं, “ते अंगणवाडीतलं गं. घरातलं नव्हे.”

ती म्हणाली, “बरं.”

मंडळी, फॉर्मवर ‘घरातल्या कोणी’ लिहिलं होतं, ‘घरात शिजवून’ असं लिहिलं नव्हतं. मला वाचता येतं. पण एक ‘हो’ आलं की शंभर टक्के मोडत होते. बत्तीस वर्षांत माझ्या वाडीचा पहिला नंबर कशात आला नव्हता. कुपोषणाच्या यादीत यायचा, तेवढाच. मला ती ढाल हवी होती. वाडीसाठी हवी होती असं मी स्वतःला सांगत होते, पण निवृत्तीच्या वर्षी इथे उभं राहून टाळ्या घ्यायच्या होत्या, हे जास्त खरं आहे. घेतल्याही आत्ता.

जूनमध्ये मला पत्र आलं. पत्राबद्दल माझी तक्रार नाही, त्याची भाषा फार शुद्ध होती. ‘सदर वस्ती शंभर टक्के शाकाहारी असल्याचे आपल्याच सर्वेक्षणातून दिसून आले असून, तेथील आहारपद्धती जपण्याच्या दृष्टीने अंडी पुरवठा बंद करून त्याऐवजी राजगिऱ्याचे लाडू देण्यात यावेत.’ आपल्याच सर्वेक्षणातून. मी पोच दिली, खाली सही केली.

मी तेव्हा बोलायला नको होतं का? आले होते बोलायला. निलेशभाऊ, तुमच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसले होते, तुम्ही आत बोलावून चहा दिलात. मी अंगणवाडीच्या गळक्या पत्र्याचं बोलले आणि परत गेले. अंड्यांचं बोलायचं तर घर क्रमांक अकराचं बोलावं लागलं असतं. तुम्ही पत्रे लगेच बदलून दिलेत, त्याबद्दलही आभार.

लाडू चार आठवडे नियमित आले. मग पाऊस वाढला, पुरवठादाराची गाडी वर चढेना. आले ते ओले आले.

माझ्याकडे दोन रजिस्टरं असतात. एकात वाडी पहिली होती. दुसऱ्यात रूपाचं रक्त जुलैमध्ये सहा पूर्णांक नऊ होतं. दोन्हीतलं अक्षर माझं. दोन्ही एकाच कपाटात, एकाच फळीवर. मी रोज एक काढत होते आणि दुसरं ठेवत होते, आणि मला काही वाटत नव्हतं असं नाही, पण मी काही केलं नाही.

ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळी ती घरातच बाळंत झाली, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी. मुलगी झाली. मग रक्त थांबेना. जीपमध्ये मी होते, सावित्रामावशी होत्या, बाळ माझ्या मांडीवर. खाली रस्त्याला लागलो तर लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. धबधब्याला आलेली माणसं, बायका-मुलं, खिडकीतून हात बाहेर काढून पाऊस झेलत होती. त्यांचा काय दोष? आमचा ड्रायव्हर उतरून प्रत्येकाच्या काचेवर टकटक करत पुढे गेला. चाळीस मिनिटांच्या रस्त्याला अडीच तास लागले. रूपा मला दोनदा म्हणाली, “ताई, थंडी वाजतीया.” तिसऱ्यांदा काही म्हणाली नाही.

तिचा नवरा संदीप उर्से टोलनाक्याजवळच्या ढाब्यावर कामाला आहे. कोंबडी भाजायच्या भट्टीवर. त्याला फोन गेला होता, तो मोटरसायकलवरून आमच्या आधी दवाखान्यात पोचला होता. आम्ही आलो तेव्हा पायरीवर उभा होता, अंगावर ढाब्याचा एप्रन तसाच. तो आज आलेला नाही. मी बोलवायला गेले होते. तो म्हणाला, “ढाल कशाची हाय ताई?”

दोन अंड्यांनी माणूस वाचतो असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, कारणं अनेक असतात. रस्ता होता, पाऊस होता, गोळ्या टिकत नव्हत्या. हे सगळं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. पण त्या अनेक कारणांतलं एक माझ्या हातचं होतं, तेवढं मला ठाऊक आहे. बाकीच्यांचं ज्यानं त्यानं पाहावं.

सूत्रसंचालक घड्याळ दाखवत आहेत. आटोपते.

मुख्याधिकारी मॅडम, सर्वेक्षणाची मूळ प्रत तुमच्याकडे आहे, ही माझ्याकडची कार्बन प्रत. रजिस्टरात चूक दुरुस्त करायची आमची एक पद्धत असते. खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर शब्द लिहायचा आणि सही करायची. ती मी आता करते आहे. घर क्रमांक अकरा. ‘नाही’वर रेघ. ‘हो’. सही, सरुबाई. तारीख आजची.

आता वाडी शंभर टक्के राहिली नाही. ढाल कोणाला द्यायची ते समितीनं ठरवावं. सावित्रामावशी, तुमचं नाव पुकारलं तरी उठू नका. तुमच्या मांडीवर नात झोपली आहे, तिला झोपू द्या.

आणि अध्यक्ष महाराज, जिची ही कार्बन प्रत आहे तिचं एक मागणं आहे. त्याच पहिल्या रांगेत हर्षदा बसली आहे, हिरव्या साडीत. तिला सहावा महिना चालू आहे, रक्त सहा पूर्णांक आठ आहे. हा आकडा भर सभेत सांगू का, असं मी तिला कालच विचारलं, ती म्हणाली, “सांगा.” बंगल्यांना हिरवं ताट जरूर शिकवा. मी स्वतः येईन पत्रकं वाटायला, आता मला वेळच वेळ आहे. पण ज्यांच्या ताटात आधीच काही नाही, त्यांचं ताट हिरवं म्हणून मोजू नका. आज शनिवार आहे. मंगळवारी हर्षदाला अंडं मिळालं पाहिजे. ठराव नंतर करा.

माझ्या जागेवर अपेक्षा येते आहे. शिकलेली आहे, मोबाइलवर फॉर्म भरते, माझ्यासारखी बोटं काळी करत नाही. तिला कपाटाची किल्ली काल दिली. सांगण्यासारखं माझ्याकडे एकच आहे. अपेक्षा, रकाना नसेल तर समासात लिही. मोबाइलला समास नसेल तर वहीत लिही, आणि ती वही घेऊन इथे ये. चहा पिऊन परत जाऊ नकोस.

बत्तीस वर्षं मला सांभाळून घेतलंत, आज आग्रहानं बोलावलंत, माझं एवढं ऐकून घेतलंत, त्याबद्दल व्यासपीठाचे, सभागृहाचे आणि मागे चहाचे कप मांडणाऱ्या मुलींचेही आभार. भाषणात अध्यक्षांचा किंवा कोणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर ते पोटात घाला. ती माफी मी तुम्हा सर्वांकडे मागते.

दुसरी माफी इथून मागायची नाही. त्यासाठी मला हा माईक ठेवून खाली पहिल्या रांगेत जावं लागेल. मावशी, मी येते आहे.